पहिली-दुसरीच्या वर्गात वाचनकोपरे कसे मांडावेत? (३४ मुलं, एक बाई, ६००० रुपये)

शिरोरेखा
पुण्यातली मराठी माध्यमाची शाळा, पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, पट ३४. खोली २० बाय १८ फुटांची. फळा पूर्वेच्या भिंतीवर, खिडक्या उत्तरेला, दार दक्षिणेच्या भिंतीत मागच्या बाजूला. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. दुपार अधिवेशनात याच खोलीत दुसरा वर्ग बसतो. बाक नाहीत, मुलं बस्करांवर बसतात.

पालकांच्या वर्गणीतून ६००० रुपये मिळणार आहेत आणि त्यातून वाचनासाठी कोपरे करायचे आहेत. कोणता कोपरा कुठे मांडावा, पुस्तकं किती घ्यावीत, आणि चार ठिकाणी मुलं बसली असताना एका बाईने शिकवायचं कसं? फोटोपुरती सजावट नको आहे. मुलं वाचायला लागली पाहिजेत.

सुतारपक्षी
जागेपासून सुरू करू. मुलांची तोंडं पूर्वेकडे, म्हणजे उत्तरेच्या खिडक्यांचा उजेड डावीकडून येतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना तो सोयीचा, वहीवर हाताची सावली पडत नाही. म्हणून लेखनाचा कोपरा वायव्येला, खिडकीखाली. फक्त ओल्या भिंतीपासून हातभर पुढे. पुस्तकं ईशान्येला, कारण तो कोपरा दारापासून सर्वांत लांब आणि कोरडा. शब्दांचे खेळ नैर्ऋत्येला दाराजवळ, तिथे आवाज झाला तरी चालतो. बाईंची सतरंजी आग्नेयेला. पाठ कोपऱ्याला लावून बसलं की तिन्ही कोपरे आणि दार नजरेत राहतं.

पुस्तकं कण्याने उभी लावू नका. पहिलीचं मूल कण्यावरचं बारीक नाव वाचत नाही, मुखपृष्ठ पाहून पुस्तक उचलतं. ४ इंची पीव्हीसी पाइपचा १० फुटी तुकडा उभा चिरून घ्या, दोन पन्हळी मिळतात. चिरलेल्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, दर दोन फुटांवर वॉशर घालून स्क्रू मारायचा. एक पन्हळ जमिनीपासून १ फुटावर, दुसरी अडीच फुटांवर. एका पुस्तकाला ९ इंच धरले तर २० फुटांत २६ पुस्तकं तोंड दाखवत उभी राहतात. पातळ पुस्तक वाकून पुढे घसरतं, त्याच्या मागे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा.

मुळाकाठ
@सुतारपक्षी, खोली दुपारी दुसऱ्या वर्गाची आहे. भिंतीवर कायमची मांडलेली पुस्तकं महिन्याभरात अर्धी होतील.

सुतारपक्षी
खरंय, ते नजरेतून सुटलं. मग पन्हळ नको, भाजीची प्लॅस्टिक क्रेट घ्या. मार्केट यार्डाच्या आसपास वापरलेल्या मिळतात. एका क्रेटमध्ये पातळ पुस्तकं तोंड पुढे करून २० ते २५ बसतात, मुलं एकेक पुढे पाडत चाळतात. तळाला पुठ्ठा घालायचा, नाहीतर जाळीत पुस्तकांचे कोपरे अडकून दुमडतात. गच्च भरायची नाही. चार बोटं जागा मोकळी राहिली नाही तर चाळताच येत नाही आणि मुलं वरचंच पुस्तक रोज उचलतात. सुटताना क्रेट एकावर एक रचून कपाटात. हे काम दोन मुलांचं, आठवड्याला पाळी बदलायची.

जाजम
मांडणी एका रविवारात होते. घोडं अडतं ते वेळापत्रकात. सगळे कोपरे एका तासिकेत फिरवायला गेलात तर निम्मा वेळ उठण्याबसण्यात जाईल.

३५ मिनिटांच्या तासिकेत दोनच फेऱ्या बसवा: १५ मिनिटं, जागा बदलायला ३, पुन्हा १५. उरलेली दोन मिनिटं आवरायला. चार गट, चार कोपरे. सोमवार-मंगळवारी प्रत्येक गट चारही कोपरे एकदा करतो, बुधवार-गुरुवारी पुन्हा एकदा. म्हणजे प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा बाईंसमोर बसून वाचतं. शुक्रवार मोकळा ठेवा: सगळी मुलं पुस्तकं घेऊन, आणि अडणारी चार-पाच बाईंजवळ.

ही तासिका खिचडीच्या लगेच आधी ठेवू नका. कुकरच्या वासाने कोणाचं लक्ष लागत नाही.

तिरपी_मात्रा
@जाजम, आराखडा पटला, पण ३४ चे चार सारखे गट केले तर बाईंसमोर नऊ मुलं येतात. १५ मिनिटांत नऊ जणांचं वाचन नीट ऐकून होत नाही. गट मुद्दाम असमान करा: ६, ९, ९, १०. सहाचा गट ज्यांना अजून अक्षरंच पक्की नाहीत त्यांचा. दहाचा गट जो आपापला वाचू शकतो.

गट पाडायला मोठी परीक्षा लागत नाही. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरातल्या पाहणीत २००५ पासून वापरतात ती उतरंड पुरते: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. प्रत्येक मुलाला तीन-चार मिनिटं द्यायची, आठवड्यात वर्ग होतो. दर सहा आठवड्यांनी पुन्हा बघून गट बदलायचे. बदलले नाहीत तर तो गट मुलाच्या कपाळावर चिकटतो. नावं आंबा-पेरू ठेवा नाहीतर रंगांची, 'पेरू' म्हणजे काय हे मुलांना दुसऱ्याच दिवशी कळतं. त्यामुळे शब्दखेळाच्या कोपऱ्यात गट मिसळून बसवा. तिथे येणाऱ्याचं पाहून न येणारा शिकतो.

मुळाकाठ
भिंतींबद्दल बोलायला हवं. 'बोलक्या भिंती' म्हणून जमिनीपासून छतापर्यंत बाराखडी, फळं, फुलं, थोर नेते, वाहतुकीचे नियम असं सगळं रंगवतात. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांना भरगच्च सजवलेल्या आणि मोकळ्या भिंतींच्या अशा दोन्ही खोल्यांत शिकवून पाहिलं. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि शिकणंही कमी झालं. माझं स्पष्ट मत: फळ्याच्या भिंतीवर फळ्याशिवाय काही नको.

पाटीपेन्सिल
फळ्याच्या भिंतीपुरतं मान्य. पण ज्या मुलांच्या घरात छापील कागद म्हणजे फक्त रॉकेलचं जुनं कार्ड आणि लाइटबिल, त्यांना वर्गातही भिंत कोरी दिली तर अक्षर दिसणार कुठे? प्रश्न लावावं की नाही हा नाहीच. लावलेलं वापरात आहे का, एवढंच बघायचं.

सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११० ते ११५ सेंमी असते. उभं असताना डोळे १०० ते १०५ सेंमीवर, मांडी घालून बसलं की ५० ते ५५ सेंमीवर. मुलाने जवळ जाऊन बोट ठेवून वाचायचं ते सगळं दीड ते साडेतीन फुटांच्या पट्ट्यात हवं. त्याच्या वर लावलेलं मोठ्यांसाठी असतं. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचायचं असेल तर अक्षर शिरोरेखेखाली ५ सेंमी आणि ओळींत १० सेंमी अंतर, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

काय लावावं: मुलांची नावं (सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर हाच), आजची पाळी कोणाची, या आठवड्याचे आठ-दहा शब्द, एक चार ओळींचं गाणं. शब्द दर सोमवारी उतरवून डब्यात टाकायचे, तो डबा शब्दकोपऱ्यात. पंधरा दिवस हात न लागलेला तक्ता काढून टाका.

शिरोरेखा
मनापासून आभार. फळ्याची भिंत मोकळी करते आहे. वेगळा प्रश्न: अक्षरं येतात, पण काना-मात्रा लागली की बरीच मुलं अडतात. 'कि' लिहिताना आधी क काढतात आणि वेलांटीला जागाच उरत नाही. शब्दकोपऱ्यात यासाठी काय ठेवावं?

ऱ्हस्वदीर्घ
पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. मुलाचा दोष नाही, लिपीच तशी आहे. त्याला पारदर्शक मात्रा हा चांगला उपाय. कृती सविस्तर देतो, कारण यात बारीक चुका झाल्या की साहित्य उलट गोंधळ वाढवतं.

साहित्य: जाड पुठ्ठा, ए-फोर मापाच्या ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकच्या), काळा आणि लाल पर्मनंट मार्कर, रुंद पारदर्शक चिकटपट्टी.

पुठ्ठ्याची ७ बाय ७ सेंमीची कार्डं कापा. प्रत्येकावर वरून २ सेंमी खाली पेन्सिलीने रेघ मारा, ती शिरोरेखा. अक्षर मधोमध ३ सेंमी रुंदीत काळ्याने काढा, दोन्ही बाजूंना २-२ सेंमी मोकळे. डावीकडची जागा पहिल्या वेलांटीची, उजवीकडची कान्याची आणि दुसऱ्या वेलांटीची. शीटचेही तेवढेच चौकोन कापा, एका शीटमधून बारा निघतात. आता पुठ्ठ्याचं कार्ड खाली ठेवून त्याच्या शिरोरेखेला जुळवून लाल मार्करने मात्रा काढा. चौदाखडीला १३ चिन्हं लागतात (ॲ आणि ऑ ची धरून). नऊच्या गटाला तिघांत एक असे तीन संच, म्हणजे ३९ चौकोन, चार शीटमध्ये होतात.

काय बिघडतं? पहिलं, शीट पालथी पडली की पहिल्या वेलांटीची दुसरी होते! म्हणून कार्ड आणि शीट दोन्हींचा उजवा वरचा कोपरा तिरपा कापायचा. कापलेला कोपरा कापलेल्या कोपऱ्यावर बसला तरच मात्रा सुलट, आणि हे मुलं स्वतः तपासतात. दुसरं, घामाच्या बोटांनी शाई आठवड्यात पुसट होते. लिहिलेल्या बाजूवर चिकटपट्टी लावा. तिसरं, र ला उकार पायाशी न लागता पोटात लागतो, त्यामुळे रु आणि रू ची वेगळी पुठ्ठ्याची कार्डं करा, शीटने जमवू नका.

सगळ्या मात्रा एकदम देऊ नका. आधी फक्त काना, मग दुसरी वेलांटी आणि एक मात्रा, उकार त्यानंतर. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा. ग, म, भ, न, क, ल, ब, त या आठ अक्षरांना एवढ्या तीन चिन्हांची जोड दिली तरी कान, नाक, ताल, बी, मला, काकी, गाभा, केला, मेला, तेल असे ढीगभर शब्द बनतात. जोडी हलवून मोठ्याने वाचायचं: क... का. शीट उचलली की पुन्हा क. ही उचल-ठेव महत्त्वाची, वहीत लिहून ती येत नाही.

पाटीपेन्सिल
कापलेल्या कोपऱ्याची युक्ती फार कामाची आहे. उकार पायाखाली जातो, म्हणून अक्षराखाली किमान दीड सेंमी मोकळं सोडावं, एवढीच पुरवणी.

रानभैरी
थोडं अवांतर, पण उपयोगी. संगणकावर टाइप करून तक्ते छापणार असाल तर ल आणि श बघून घ्या. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायचा आहे, पाठ्यपुस्तकातही मूल तेच बघतं. बरेच फाँट आपोआप हिंदी वळणाचे ल आणि श उमटवतात. मग भिंतीवर एक ल, पुस्तकात दुसरा. मोठ्या माणसाला फरक जाणवतही नाही, सहा वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. काही फाँट मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की योग्य वळण देतात. नाहीच जमलं तर तक्ता हाताने लिहा.

ऱ्हस्वदीर्घ
+१. आणि दुसरीच्या मुलांसाठी उच्चाराच्या जोड्या: 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा. लिहायला एकच, बोलायला दोन. च, ज, झ च्या अशा शब्दांची चित्रकार्डं ठेवा. लेखनाच्या कोपऱ्यात दर्या आणि दऱ्या ही जोडीही हवी, रफार आणि अर्धा र यांतला फरक चित्राशिवाय लक्षात राहत नाही.

कागदकाम
पुस्तकांचं सांगते. पट ३४ असला तरी सुरुवातीला ५० शीर्षकं पुरेत, पण एका वेळी २५ च बाहेर ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी दहा बदला. सगळी एकदम काढली तर दिवाळीपर्यंत मुलांना नवं काही उरत नाही. पन्नासातली वीस तरी अशी हवीत ज्यांत पानावर एक-दोनच ओळी आणि चित्र मोठं. दहा बिनशब्दांची किंवा जेमतेम शब्दांची. उरलेली बाईंनी मोठ्याने वाचून दाखवायची.

अप्पा बळवंत चौकात एका फेरीत काम होतं, फक्त जूनचा पहिला पंधरवडा टाळा, पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत बालपुस्तकं कोणी काढून दाखवत नाही. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना, एकलव्य यांची पातळ चित्रपुस्तकं खिशाला परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि मुक्त परवान्यामुळे श्रेयनामावलीसकट छापून घेता येतात. संच म्हणून एकगठ्ठा मिळणारी 'नीतिकथां'ची पुस्तकं घेऊ नका. बारीक टाइप, गिचमिड चित्रं, आणि वाक्यं पहिलीच्या मुलाला झेपतील त्याच्या दुप्पट लांबीची.

टिकवायचं कसं: पातळ पुस्तकांच्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि मधलं पान आधी सुटतं. आणल्या आणल्या पिना काढून शिवून घ्या. पुस्तक मधोमध उघडायचं, घडीवर दाभणाने तीन भोकं: मध्ये एक, वर-खाली कडेपासून तीन बोटं आत एकेक. मेण लावलेला जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, लांब टाका घेऊन खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि लांब टाक्यावर गाठ. पाच मिनिटांचं काम. कण्याला सेलोटेप लावू नका, पिवळी पडून कडक होते आणि कागद घेऊन निघते. कापडी टेप लावा. कसरीसाठी वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कपाटात. डांबरगोळ्या लहान मुलांच्या वर्गात अजिबात नकोत, खडीसाखर समजून तोंडात घालतात आणि ते विष आहे.

कोथरूडकर
या सगळ्यात वेग कुठे मोजायचा? 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द असं उद्दिष्ट आहे. पुस्तककोपऱ्यात घड्याळ आणि तक्ता ठेवला तर मुलांना ईर्षा येईल.

तिरपी_मात्रा
@कोथरूडकर, पुस्तककोपऱ्यात घड्याळ नको, कळकळीने सांगते. मूल चित्रावर थांबलं, मागचं पान उलटून पाहिलं, मित्राला दाखवलं, हे तिथलं खरं वाचन. घड्याळ लावलं की हे तिन्ही बंद होतं आणि मुलं सगळ्यांत बारीक पुस्तक निवडतात. वेग बाईंच्या सतरंजीवर महिन्यातून एकदा मोजा, एकट्याचा, न सांगता. आणि शब्दसंख्या जपून वापरा. मराठीत 'शाळेतल्यासारखं' हा एक शब्द मोजला जातो, 'तो आला' हे दोन. ज्या उताऱ्यावर जूनमध्ये मोजलं त्याच अवघडपणाच्या उताऱ्यावर डिसेंबरमध्ये मोजलं तरच तुलनेला अर्थ.

मुळाकाठ
मुलांच्या घरच्या भाषेचा मुद्दा राहिला. पुण्यातल्या मराठी वर्गात कन्नड, हिंदी, लमाणी, वडारी बोलणारी मुलं असतात. त्यांना अक्षर ओळखून शब्द फोडता येतो, पण 'शेवगा' म्हणजे काय हेच माहीत नसतं. मग वाचन पोपटपंची होतं.

लेखनकोपऱ्यात घडीची पुस्तकं करा. कोरा ए-फोर कागद तीनदा निम्मा दुमडायचा, आठ खाने पडतात. उघडून आडवा अर्धा दुमडायचा, घडीच्या बाजूने मधल्या रेघेवर पहिल्या खान्यापर्यंतच कापायचं. पूर्ण उघडलं की मधोमध चीर दिसते. आता लांबीने दुमडून दोन्ही टोकं आत ढकलायची. आठ पानी पुस्तक तयार, ना पिन ना डिंक. मूल चित्र काढतं आणि सांगतं, बाई त्याच्याच शब्दांत एकेक ओळ लिहितात. 'माझी आज्जी रोट्टी करती' असं सांगितलं तर तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. स्वतः बोललेलं वाक्य मूल बोट ठेवून वाचतंच. महिन्याला एकेक धरलं तरी ३४ नवी पुस्तकं, आणि कोपऱ्यात तीच सर्वांत आधी उचलली जातात.

पाटीपेन्सिल
याला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसोबत काम केलं ते बिया, शिंपले, पानं, खडे अशा मुलांच्या हातातल्या वस्तू घेऊनच. चिंचोके मांडून अक्षर काढणं आजही तितकंच कामाचं आहे. बोटाने गिरवायला ताटात मीठ ठेवण्याचा सल्ला हल्ली मिळतो, पण पुण्याच्या जुलैत मीठ पाझरतं. चाळलेली बारीक वाळू घ्या, जाडी बोटाच्या नखाएवढी, तळाला गडद रंगाचा कागद.

शिरोरेखा
सगळं उतरवून घेतलं. हिशेब असा बसतो: पुस्तकांना ४०००, तीन क्रेट आणि दोन सतरंज्यांना १३००, पुठ्ठा, शीट, मार्कर, दोरा, कापडी टेप यांना ७००. गट ६-९-९-१०.

मूळ प्रश्नाचा एक तुकडा अजून उरतो. बाई सहा मुलांसोबत बसल्या की बाकीच्या २८ जणांतून दर मिनिटाला कोणीतरी येतं: बाई, याने माझं कार्ड घेतलं. बाई, हे काय आहे? बाई, झालं. ते कसं थांबवायचं?

जाजम
पहिले चार आठवडे बाईंची सतरंजी उघडूच नका. आधी कोपऱ्यात वागायला शिकवा.

पहिला आठवडा पुस्तककोपरा, सगळ्या वर्गाला. पुस्तक दोन्ही हातांनी काढणं, पान वरच्या कोपऱ्यातून उलटणं, परत ठेवताना तोंड पुढे. दुसरा शब्दकोपरा: डबा उघडणं, संच मोजणं, तीनही मात्रा परत आल्या का बघणं. तिसरा लेखन. चौथ्या आठवड्यात गट फिरवून बघा, पण बाई हिंडत राहतील, कोणाजवळ बसणार नाहीत. पाच मिनिटांपासून सुरुवात, रोज दोन मिनिटं वाढवत १५ पर्यंत. जिथे गोंधळ होतो तिथे थांबून सगळ्यांसमोर तेवढंच पुन्हा करून दाखवायचं.

'बाई, हे काय?' साठी नियम: आधी गटातल्या तिघांना विचार. प्रत्येक गटाचा एक मदतनीस, त्याच्या गळ्यात दोरीची पट्टी. 'बाई, झालं' यावर उपाय म्हणजे झालं असं काही ठेवायचंच नाही. शब्दकोपऱ्यात बनवलेला शब्द पाटीवर लिहायचा, पाटी भरली की जोडीदाराला वाचून दाखवायची, पुसायची, पुन्हा. भांडण बहुतेक वेळा साहित्य कमी पडल्याने होतं, म्हणून तिघांत एक संच, पाचांत नाही. बदलायची वेळ झाली की घंटा नको, तिचा आवाज बाहेरच्या घंटेत मिसळतो. एक ठरलेलं दोन ओळींचं गाणं म्हणा, ते संपेपर्यंत साहित्य डब्यात आणि मूल पुढच्या बस्करावर.

आणि बाईंनी सतरंजीवर बसल्यावर खांद्यावर एखादी रंगीत ओढणी घ्यावी. ओढणी आहे तोवर बाईंकडे यायचं नाही, रक्त आलं किंवा शू लागली तरच.

शिरोरेखा
ओढणी पिवळी घेते. शिवायला बसलेय, सातवं पुस्तक चालू आहे. @कागदकाम, दोऱ्याला मेण नसेल तर मेणबत्ती चालते ना?

कागदकाम
चालते. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढा आणि बोटांत चोळा, गुठळ्या राहिल्या तर भोकात अडकतात.